काळ्या मातीवर रबर पसरण्याआधी

जळगावात किंवा धुळ्यात नवे घर बांधून झाले, फरशी बसली, रंग झाला, की शेवटी अंगणातल्या बागेचा विषय निघतो. बाग करून देणाऱ्यांच्या कोटेशनमध्ये अलीकडे एक नवी ओळ दिसू लागली आहे: रबर मल्च. जुन्या टायरचे तुकडे करून त्यांना तपकिरी, लाल किंवा हिरवा रंग दिलेला असतो. लांबून पाहिले तर लाकडाच्या ढलप्याच वाटतात. एकदा पसरले की वर्षानुवर्षे बघायला नको, तण येणार नाही, उधई लागणार नाही, पाणीही वाचेल, असे सांगितले जाते. नळाला रोज पाणी न येणाऱ्या गावात पाणी वाचण्याची गोष्ट कुणालाही पटेल.

मातीवर आच्छादन हवेच. खानदेशात तर ते फार हवे. पण ते रबराचे असू नये, निदान जिथे झाडे लावायची आहेत तिथे तरी. मुलांच्या झोपाळ्याखाली रबर चालते, त्याबद्दल पुढे सांगतो. आधी माती पाहू.

तापी, गिरणा, पांझरा या नद्यांच्या काठची आपली काळी जमीन उन्हाळ्यात आकसते आणि पावसाळ्यात फुगते. एप्रिल-मेमध्ये तिला पडणाऱ्या भेगांत हाताची बोटे सहज जातात, आणि भेगा वरून दिसतात त्याहून खूप खोल असतात. वर पडलेले सगळे या भेगांत उतरते. पाला, धूळ, बारीक खडे वळवाच्या पहिल्या सरीबरोबर आत जातात, मग माती फुगून भेग मिटते आणि वरचे ते खाली गाडले जाते. जमीन दरवर्षी अशी स्वतःला थोडीथोडी उलथत असते. यात पाला गेला तर तो कुजून मातीत मिसळतो आणि पुढच्या हंगामात झाडाला उपयोगी पडतो. रबराचा तुकडा गेला तर तो तिथेच राहतो. चार-सहा पावसाळ्यांनंतर तो मूळच्या थरात उरत नाही, वीतभर खाली मुळांच्या पट्ट्यात जाऊन बसतो. चिकट काळ्या मातीतून असे तुकडे वेचून काढणे जवळजवळ अशक्य आहे. परदेशी जाहिरातीत दिसणारी बाग बहुधा वेगळ्या मातीवर असते, म्हणून तिचा अनुभव इथे लागू होत नाही.

यावर उपाय म्हणून खाली जाड कापड अंथरायला सांगतात. मुरमाड, दाबून घट्ट केलेल्या जागी ते कापड टिकते. फुगणाऱ्या-आकसणाऱ्या मातीवर मात्र ते ताणले जाते, कडेने उचकटते आणि फाटते. शिवाय कापड घातले की वरून पडलेला पाला मातीपर्यंत पोचत नाही. म्हणजे झाडाने स्वतःसाठी टाकलेले खतही आपण अडवतो.

आता ऊन. जळगाव-भुसावळ पट्ट्यात मे महिन्यात पारा ४४-४५ अंशांवर जाणे नेहमीचे आहे. हे तापमान सावलीतले. उघड्या उन्हात गडद रबराचा पृष्ठभाग ६० अंशांच्या वर जातो. इथे विक्रेत्याच्या बाजूनेही एक गोष्ट सांगितली पाहिजे: थर जाड असेल तर त्याच्या खालची माती तितकी तापत नाही, कारण रबर उष्णता सहज खाली जाऊ देत नाही. पण वरची झळ कुठे जाणार? ती मोगऱ्याच्या खालच्या पानांना, तुळशीच्या कोवळ्या खोडाला आणि अंगणात अनवाणी फिरणाऱ्या मुलांच्या तळपायांना लागते. खरेदीआधी अर्धा किलो नमुना मागून घ्या. तो गच्चीवर पसरा, शेजारी तेवढाच वाळका पाला पसरा आणि दुपारी दोन वाजता दोन्हींवर हाताचा मागचा भाग टेकवून पाहा. मग नाक जवळ न्या. तापलेल्या टायरचा तो वास झोपायच्या खोलीच्या खिडकीखाली उन्हाळाभर हवा आहे का, हे तुमचे तुम्हालाच कळेल.

रबरातून मातीत काय उतरते, हा प्रश्न महत्त्वाचा आहे, आणि आपल्या मातीपुरते त्याचे उत्तर जरा वेगळे आहे. टायर बनवताना झिंक ऑक्साइड वापरतात, त्यामुळे टायरच्या रबरात वजनाच्या सुमारे एक ते दोन टक्के जस्त असते. रबर झिजते तसे ते पाण्यात उतरते. आपल्या काळ्या जमिनीत चुनखडी असते, तिचा सामू साडेसातच्या वर असतो आणि तिथे जस्ताची कमतरताच अधिक आढळते. म्हणून तर शेतकरी झिंक सल्फेट टाकतात. मग रबरातले जस्त फायद्याचेच नाही का, असा प्रश्न कुणीही विचारील. उत्तर असे, की खत आपण मोजून टाकतो आणि पुरे झाले की थांबतो. रबरातून जस्त किती आणि किती वर्षे उतरेल यावर आपला ताबा नसतो. उघड्या काळ्या मातीत ते बरेचसे बांधले जाईल, पण कुंडीत तसे होत नाही. कुंडीत कोकोपीट असते, सामू कमी असतो, माती थोडी असते आणि पाणी रोज पडते. तिथे जस्त साठत गेले तर पाने पिवळी पडतात, वाढ खुंटते. त्यामुळे कुंडीत रबर अजिबात नको.

टायर लवकर तडकू नये म्हणून त्यात ६पीपीडी नावाचे रसायन घालतात. हवेतल्या ओझोनशी संयोग झाल्यावर त्यापासून जो पदार्थ बनतो, तो अमेरिकेच्या वॉशिंग्टन राज्यातल्या ओढ्यांमध्ये कोहो सामन मासे मरण्याचे कारण आहे, हे २०२० साली ‘सायन्स’ नियतकालिकात प्रसिद्ध झालेल्या संशोधनाने दाखवले. तो मासा आपल्याकडे नाही, आणि अंगणातल्या चार पोत्यांनी पांझरेत काय होईल ते त्यावरून ठरवता येणार नाही. पण टायरमधून पाण्यात जे उतरते ते निरुपद्रवी नसते, एवढे त्यातून कळते. त्याच वॉशिंग्टन राज्याच्या विद्यापीठातील उद्यानतज्ज्ञ लिंडा चॉकर-स्कॉट यांनी बागेतल्या रबराविरुद्ध सविस्तर लिहिले आहे. त्यांचा आणखी एक मुद्दा आपण विशेष लक्षात ठेवावा: रबराचे आच्छादन एकदा पेटले की ते विझवणे इतर आच्छादनांपेक्षा अवघड असते. आपल्या अंगणात दिवाळीचे फटाके उडतात, भरीत करायचे म्हटले की वांगी काड्यांवर भाजली जातात, कुणीतरी बिडीचे थोटूक टाकते. वाळका पालाही पेटतो, हे खरे. पण तो बादलीभर पाण्याने विझतो आणि त्याचा धूर टायरच्या धुरासारखा विषारी नसतो.

तण येत नाही, हा दावा पहिल्या वर्षी खरा ठरतो. पुढे उन्हाळ्यातल्या वावटळी थरावर धूळ आणून टाकतात, धुळीत बी असते आणि पावसाळ्यात रबराच्याच वर गवत उगवते. पाल्याचे आच्छादन असेल तर आपण वरून नवा थर टाकतो आणि गवत दबते. रबरावरचे गवत उपटताना मुळांबरोबर तुकडेही निघून येतात.

टायर कचऱ्यात जाण्यापेक्षा बागेत गेलेले बरे, असे काहींना मनापासून वाटते. ती भावना योग्य आहे. पण जुन्या टायरला याहून चांगली जागा आहे. त्याचा चुरा डांबरात मिसळून रस्ते केले जातात, आणि केंद्र सरकारने जुलै २०२२ मध्ये नियम बदलून टायर उत्पादकांवरच जुन्या टायरच्या पुनर्वापराची जबाबदारी टाकली आहे. युरोपीय संघाने २०२३ मध्ये सूक्ष्म प्लास्टिकवर जे निर्बंध आणले, त्यात कृत्रिम मैदानांवर पसरायचा रबराचा चुराही येतो. त्याला बाजारातून बाहेर पडायला आठ वर्षांची मुदत दिली आहे. तिकडे जे हळूहळू मैदानांवरून हटवले जाणार आहे, ते आपण अंगणात का आणावे?

झोपाळ्याखाली मात्र

खेळाच्या जागेचा हिशेब वेगळा, कारण तिथे प्रश्न मुलाच्या डोक्याचा आहे. अमेरिकेच्या ग्राहक सुरक्षा आयोगाच्या क्रीडांगण पुस्तिकेनुसार रबराच्या तुकड्यांचा सहा इंची थर दहा फुटांवरून पडण्यापर्यंत संरक्षण देतो. वाळूचा नऊ इंची थर चार फुटांपर्यंत. सोसायटीच्या बागेत उंच घसरगुंडी असेल तर रबराला नक्कीच अर्थ आहे. घरच्या अंगणातल्या लहान झोपाळ्याला नऊ इंच वाळू किंवा लाकडाच्या ढलप्यांचा जाड थर पुरतो.

रबर वापरायचेच ठरले तर जागा झाडाच्या सावलीत किंवा छपराखाली निवडा. काळी माती फूटभर काढून मुरूम भरा, दाबून घ्या, त्यावर कापड घाला आणि चारी बाजूंना विटांची उंच कड बांधा. पाण्याचा निचरा झाडांच्या आळ्यांकडे जाऊ देऊ नका. माल घेताना पोत्यात लोहचुंबक फिरवा. टायरमध्ये पोलादी तारा असतात आणि त्या नीट काढलेल्या नसतील तर चुंबकाला बारीक टोके चिकटून येतील. असा माल परत करा. मूठभर तुकडे पांढऱ्या ओल्या फडक्यात चोळून पाहा. फडके काळे किंवा रंगीत झाले तर तोच रंग मुलांच्या हातांना लागणार आहे. भुकटीसारखा बारीक माल नको, आणि जे मूल अजून सगळे तोंडात घालते त्याच्यासाठी तर रबराची जागाच नको.

मग मातीवर काय?

फेब्रुवारी-मार्चमध्ये कडुनिंबाची पानगळ होते. पिंपळ, शिरीष, साग यांचा पालाही याच सुमारास खाली येत असतो. ऊन कडक व्हायच्या तोंडावर जळगावच्या आणि धुळ्याच्या प्रत्येक कॉलनीत पाल्याचे ढीग पडतात आणि सकाळी झाडून झाल्यावर त्यांना काडी लावली जाते. हे पाहून जीव तुटतो. राष्ट्रीय हरित लवादाने डिसेंबर २०१६ मध्ये देशभर उघड्यावर कचरा जाळण्यास मनाई केली. त्या आदेशात साध्या जाळण्याला ५,००० रुपये आणि मोठ्या प्रमाणावर जाळण्याला २५,००० रुपये दंड आहे. दंडाच्या धाकापेक्षा साधा उपाय असा, की झाडून काढणाऱ्या मावशींना आधीच सांगून ठेवावे आणि रिकामी पोती द्यावीत. पोत्यामागे थोडे पैसे द्यायलाही हरकत नाही. गल्लीतली दोन-तीन मोठी झाडे एका घरच्या बागेला वर्षभर पुरेल एवढा पाला देतात. त्यातून प्लास्टिक आणि गुटख्याच्या पुड्या तेवढ्या वेचून काढा.

कडुनिंबाचा पाला बारीक असल्याने तसाच पसरता येतो. सागाची, बदामाची मोठी पाने मात्र एकावर एक बसून पत्र्यासारखा थर करतात आणि पाणी खाली जाऊ देत नाहीत. ती पायाने तुडवून मोडा किंवा दुसऱ्या पाल्यात मिसळा.

रावेर, यावल, चोपडा, मुक्ताईनगर या भागाशी ज्यांची ये-जा आहे त्यांच्यासाठी तर केळीची बाग हेच मोठे कोठार आहे. जळगावच्या केळीला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले, पण घड निघून गेल्यावर मागे राहणाऱ्या खांबाची आणि पानांची किंमत गावाबाहेर फारशी कुणी ओळखलेली नाही. खांबात नव्वद टक्क्यांहून जास्त पाणी असते. हातभर लांबीचे तुकडे करून ते उभे चिरायचे आणि चिरलेली बाजू मातीकडे ठेवून झाडाच्या आळ्यात गोलाकार मांडायचे. ओल हळूहळू खाली उतरते, खालची माती थंड राहते आणि खांब कुजला की त्यातले पालाश मातीला मिळते. आंबा, लिंबू, पेरू, शेवगा अशा झाडांना हे फार मानवते. मेच्या उन्हात तुकडे लवकर आकसतात, त्यामुळे वरून पाल्याचा थर हवाच. खांबाच्या चिकाचे डाग कपड्यांवरून जात नाहीत, म्हणून जुने कपडे घालूनच हे काम करा.

दोन गोष्टी विचारून घ्या. बागेत हरण्या किंवा मर रोग असेल तर तिथला खांब आणू नका. करप्याची पाने इतर झाडांना चालतात, पण घरी केळीचे झाड असेल तर त्याच्या बुडाशी ती टाकू नका, कारण करप्याची बुरशी वाळक्या पानावर टिकून राहते.

कापूस पट्ट्यात पऱ्हाट्या मुबलक असतात. लाकडासारख्या कडक असल्याने त्यांचे तुकडे आळ्यात बराच काळ टिकतात. पण अख्ख्या पऱ्हाट्या आणून अंगणात रचू नका. २०१७ च्या हंगामात गुलाबी बोंडअळीने महाराष्ट्रभर कपाशीची जी दशा केली ती शेतकऱ्यांच्या लक्षात आहे. ही अळी न फुटलेल्या बोंडांत दडून राहते आणि अंगणात भेंडी असेल तर तिलाही लागू शकते. बोंडे काढून, यंत्रावर बारीक करून, थोडे शेण-पाणी शिंपडून ढिगात काही आठवडे तापू दिलेल्या पऱ्हाट्या मात्र उत्तम. गावात श्रेडर असलेला शेतकरी शोधा, तो पोती भरून देईल.

तूर-हरभऱ्याचे कुटार पसरायला सोपे असते, पण ते गुरांच्या तोंडचे आहे. पावसाने भिजून खराब झालेले तेवढेच बागेत घ्या. सॉ मिलचा भुस्सा मातीत मिसळू नका, कारण तो कुजताना मातीतला नत्र ओढून घेतो आणि झाड पिवळे पडते. वरच्यावर पातळ पसरला तर चालतो, आणि सोबत थोडी पेंड किंवा शेणखत द्यावे. प्लायवूडचा भुस्सा नको, त्यात डिंक आणि रसायने असतात. शहाळ्यांच्या गाडीवरची फोडलेली शहाळी आणखी बारीक चिरून, धाग्यांची बाजू खाली ठेवून मांडली तर मोठ्या झाडांच्या आळ्यांना उपयोगी पडतात; मात्र कवटीत पाणी साचू देऊ नका, डास होतात. पांढरे गोटे मातीचे नुकसान करत नाहीत, पण उन्हात चटकतात. ते निवडुंगापुरते ठेवा.

पसरायचे कसे

आधी तण काढा, माती हलकी खुरपून घ्या, भेगा पडल्या असतील तर त्या शेणखत मिसळलेल्या भुसभुशीत मातीने बुजवा आणि भरपूर पाणी द्या. कोरड्या मातीवर आच्छादन घातले तर हलकी सर वरच्या वर मुरते आणि माती कोरडीच राहते. ठिबकची नळी असेल तर ती थराच्या खाली घ्या. ज्या जळगावातून भवरलाल जैन यांच्या कंपनीने ठिबक देशभरच्या शेतांत पोचवले, त्या गावात नळीचे महत्त्व वेगळे सांगायला नको. पण उघड्या मातीवर टपकणाऱ्या पाण्याचा काही भाग उन्हाने हवेतच उडून जातो. नळी झाकली की ड्रिपर दिसत नाही, म्हणून आठवड्यातून एकदा थर बाजूला सारून तो टपकतो आहे ना हे पाहा.

पाल्याचा थर तीन ते चार इंच ठेवा. तो दबून निम्मा होतो, मग वरून भर घाला. कुटार किंवा भुश्श्यासारखा बारीक माल दोन इंचांपेक्षा जास्त नको. खोडाभोवती वीतभर जागा उघडी सोडा. ही सूचना सगळ्यात जास्त मोडली जाते आणि नुकसानही इथेच होते, विशेषतः लिंबाचे आणि पपईचे. ओला पाला बुंध्याला चिकटला की लिंबाला डिंक्या लागतो, पपईचे बूड सडते.

उधईची भीती खरी आहे. ती वाळक्या पाल्यात येणारच, पण तिथे ती मेलेले लाकूड खाते. घराच्या भिंतीपासून आणि दरवाजाच्या चौकटीपासून दोन फूट अंतर ठेवा, थर अधूनमधून ओला करा आणि खाली निंबोळी पेंड भुरभुरा. नव्या कलमांच्या बुंध्यावर मातीचे बोगदे दिसले तर लगेच खरडून काढा. आणि पाल्याच्या जाड थरात हात घालताना आधी काठीने हलवा. खानदेशात विंचू आहेत, सापही आहेत. दारासमोर, नळाजवळ, मुलांच्या वाटेवर जाड थर ठेवू नका.

पावसाळ्यात कृती उलटी करायची. जुलैमध्ये काळी माती चिखल झाली आणि पाणी साचू लागले की थर खोडापासून आणखी दूर ओढा, हलका करा, निचऱ्याला वाट द्या. गोगलगायी दिसल्या तर रात्री बॅटरी घेऊन वेचा. ऑक्टोबरात ऊन पुन्हा तापते तेव्हा थर परत जवळ घ्या.

ज्यांनी रबर आधीच पसरले आहे त्यांनी ते काढायला पावसाची वाट पाहू नये. हिवाळ्यात, भेगा पडण्याआधी, माती कोरडी पण घट्ट असताना पंजाने वरचे तुकडे ओढून घ्या आणि वाळूच्या चाळणीतून चाळा. मातीत रुतलेले सगळे निघणार नाहीत, पण बरेच निघतात. त्या जागी शेणखत आणि पाला घाला. निघालेले रबर पोत्यांत भरून ठेवा आणि सोसायटीला खेळाच्या जागेसाठी द्या, नाहीतर टायरचा पुनर्वापर करणाऱ्याकडे पाठवा. पाणी तापवायच्या बंबात किंवा होळीत ते कधीही टाकू नका, आणि घरकामाला येणाऱ्या बाईंना किंवा चौकीदाराला सरपण म्हणून तर मुळीच देऊ नका. त्याचा धूर त्यांच्या मुलांच्या छातीत जाईल.